डोळे मिटलेला मंडप

माझ्या कीर्तनाला लोक झोपतात, हे मला मशीननं सांगितलं. नवऱ्यानं नाही, देवस्थानच्या मंडळींनी नाही, ज्यांच्यापुढे आयुष्यभर घसा फोडला त्या श्रोत्यांनीही नाही. माणसं भिडेखातर गप्प बसतात. मशीनला कसली आलीय भीड.

मी वैजयंती टेंबे. नारदीय कीर्तन करते, म्हणजे दोन तास उभ्यानं. आधी पूर्वरंगात निरूपण, मग उत्तररंगात आख्यान. अंगावर नऊवारी, हातात झांज, आणि शेजारी पेटीवर आमचे हे, श्रीरंग टेंबे. माझे गुडघे गेलेत, ह्यांची बोटं आखडतात, तरी रेटतोय. घरी बसून तरी काय करायचं, एकमेकांची तोंडंच बघायची ना.

तळेगावच्या पुढे बॅटऱ्यांचे कारखाने झालेत, तिथल्या दत्तमंदिरात आमचं दरवर्षी पाच दिवसांचं कीर्तन असतं. दुपारी चारला सुरू. काही कारखान्यांची शिफ्ट तीनला सुटते, काहींची साडेसहाला लागते, म्हणून निम्मी माणसं कामावर जाण्याआधी येतात आणि निम्मी कामावरून सुटून येतात. कोण कुठलं हे चेहऱ्यावरून ओळखू येत नाही. सगळे सारखेच ओढलेले.

देवस्थानचे सचिव भालेराव बँकेतून निवृत्त झालेले. आकडा दिसला की त्यांचा जीव थंड होतो. मध्यंतरी कीर्तनाला कुत्रं फिरकेना, तेव्हा त्यांनी ते डोक्याला लावायचे बँड आणले. दारात चपला ठेवायच्या, टोकन घ्यायचं आणि एक बँड घ्यायचा. तो कपाळावरून जाऊन कानांमागं बसतो, आतून छोट्या कोरड्या चकत्या. मेंदूची वीज कातडीपर्यंत येते ती ह्या चकत्या टिपतात म्हणे. कीर्तन संपलं की मंडपातल्या पडद्यावर तल्लीनता अंक येतो, शंभरापैकी. देणगीदार तो अंक बघतात आणि अंक बघून पुढच्या वर्षीची नावं ठरतात.

नाव गाजलेल्या तरुण बुवांना बावन्न पडले होते. मला सत्त्याऐंशी. मी हवेत होते, खोटं कशाला बोलू. वर उभं राहिलं की मला ओळीनं मिटलेले डोळे दिसायचे, संथ डुलणाऱ्या माना दिसायच्या. आम्हाला शिकवलेलंच तसं आहे. डोळे मिटले म्हणजे श्रोता आत उतरला, त्याच्या वाटेला जायचं नाही. मध्यंतरात बुक्का लावत फिरणारा स्वयंसेवकसुद्धा डोळे मिटलेल्या माणसाला वळसा घालून पुढं जातो.

यंदा दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही उतरलो होतो त्या भक्तनिवासात डॉक्टर समीना मुजावर आली. मिरजेची पोरगी, झोपेवर संशोधन करते. फिरत्या शिफ्टच्या कामगारांचा अभ्यास चालू होता आणि श्रोत्यांची परवानगी घेऊन तिनं आमच्या मंडपातली मूळ नोंद मागवली होती. मी चहा टाकला. ती कपाला हातच लावेना.

"काकू, एक सांगू का? रागावणार नसाल तर."

"रागावायचं की नाही ते ऐकल्यावर ठरवू. बोल."

तिनं टॅबलेट पुढं केला. रेघाच रेघा, एकीखाली एक, थरथरणाऱ्या.

"मेंदूतल्या एका पेशीची वीज इतकी बारीक असते की कातडीवर ती कळतच नाही," ती म्हणाली. "लाखो पेशी एकदम, एका ठेक्यात चालल्या तरच बाहेर काही पोचतं. आता असं समजा, तुम्ही मंडपाच्या बाहेर उभ्या आहात. आत कोण काय बोलतंय ते नाही कळणार. पण सगळ्यांनी मिळून टाळी धरली तर तिची लय कळेल की नाही? आम्ही फक्त लय ऐकतो. विचार नाही ऐकू येत."

हे मला पटलं. आमचा धंदाच टाळीचा.

"माणूस जागा असला, लक्ष देत असला की प्रत्येक पेशी आपापल्या कामात. मग बाहेर नुसती बारीक, घाईची गजबज दिसते. डोळे मिटून निवांत झाला की सेकंदाला दहाएक लाटा, एकसारख्या. ही अल्फा. त्याहून मंद झाल्या, पाच-सहावर आल्या, की थीटा. ध्यानाला बसलेल्या लोकांत ह्या दोन्ही वाढतात. बँडवाल्या कंपनीनं ध्यान करणाऱ्यांवरच मशीन शिकवलंय, म्हणून अल्फा-थीटा दिसली की ते मार्क देतं."

"मग बरोबरच आहे की. तल्लीन झाले म्हणजे तेच ना."

"काकू, पेंग आली तरी तेच होतं." तिनं एका रेघेवर बोट ठेवलं. मंद लाटांच्या मधेच एक दाट झुपका उठला होता, दोन्ही टोकांना निमुळता, मधे फुगीर. "ह्याला स्पिंडल म्हणतात. चरख्यावरच्या चातीसारखा दिसतो म्हणून. तो जाग्या माणसात येत नाही. ध्यानातही नाही. कंपनीच्या मशीनला ह्याचं काय करायचं ते माहीत नव्हतं, ते ह्याला कचरा समजून पुसून टाकतं. मी पुसलं नाही. हा आला म्हणजे माणूस झोपला. आणि ह्या पुढच्या मोठ्या, संथ लाटा, सेकंदाला एखादी, ही डेल्टा. गाढ झोप."

"किती जण?"

ती जरा चाचरली. "तुमचं ते नावाडिणीचं आख्यान आहे ना? ती नदीच्या मध्यावर पोचेस्तोवर मंडपात जागं असं कुणी राहत नाही. म्हणजे एखाद-दुसरं असेल."

नावाडिणीचं आख्यान माझं स्वतःचं. मी रचलेलं, मी चाली लावलेलं, कितीदा मोडून पुन्हा बांधलेलं. त्यातला मध्यावरचा भाग हे माझ्या आयुष्याचं काम आहे असं मी मानत होते. माझ्या अंगाचा तिळपापड झाला, पण कुणावर काढणार. ती बिचारी खरं तेच सांगत होती.

"तुम्ही काही बदलू नका, एवढंच सांगायला आले," ती म्हणाली. "ही माणसं घरी तीन तास झोपतात, तेही तुटक. उद्याची शिफ्ट आज संध्याकाळी मोबाइलवर कळते. इथं त्यांना सलग पाऊण तास गाढ झोप लागते. आमच्या प्रयोगशाळेत मऊ गाद्या देऊन आम्हाला एवढी आणता आलेली नाही."

ती गेल्यावर मी ह्यांच्याकडे वळले. हे खिडकीशी बसून बोटांना तेल लावत होते.

"ऐकलंत?"

"हं."

"हं काय? मंडप झोपतो म्हणे आपला."

"मला वाटलं तुला माहीत आहे," हे म्हणाले.

ह्याहून वाईट काही ऐकायचं राहिलं नव्हतं. म्हणजे ह्यांना माहीत होतं, कधीपासून कोण जाणे, आणि दर कीर्तनानंतर "आज छान रंगलं" म्हणत हे माझ्याबरोबर जेवत होते. त्या दिवशी जेवताना मी ह्यांच्याशी बोलले नाही.

मला ऐकलं जावं एवढंच हवं होतं. बाकी काय मिळवलं ह्या धंद्यात? आणि ही पोरगी म्हणते बदलू नका. म्हणजे मी काय झोपेची गोळी आहे का?

त्या दुपारी मी सगळं आख्यान उलटंपालटं केलं. चाली दुप्पट लयीत घेतल्या. झांज अशी आपटली की पहिल्या रांगेतली माणसं दचकली. मधे नकला केल्या, विनोद टाकले, एकेकाला बोट दाखवून प्रश्न विचारले. हे पेटीवर मागं धावून धावून दमले. आणि मंडप जागा राहिला. हसला, टाळ्या दिल्या. सगळे डोळे उघडे.

इतक्या वर्षांत मी ते डोळे प्रथमच पाहिले. लाल, खोल गेलेले, कडांना काळे. हसण्याच्या जागी इमानदारीनं हसत होते, सासरी पाहुण्यांपुढं हसावं तसे. मला वाटलं होतं मला बरं वाटेल. नाही वाटलं.

पडद्यावर अंक आला चौतीस. भालेरावांचा चेहरा पडला.

मी पाणी पीत होते तेव्हा एक बाई खांबाआडून पुढं आली. तिशी ओलांडलेली, कारखान्याचा निळा शर्ट, त्यावर ओढणी. दरवर्षी पाचही दिवस तिसऱ्या रांगेत बसायची, हे मला आठवलं. सर्वांत आधी डोळे मिटायचे ते हिचे. हिच्याकडे बघून मी मध्यावरचा भाग गात असे.

"ताई, मी प्रणाली. प्रणाली वाघचौरे. उद्यापण असंच आहे का?"

"असंच म्हणजे?"

"म्हणजे असं... जागं राहण्याचं." तिनं जीभ चावली. "चुकलं माझं."

"चुकलं काय त्यात. बस. सांग काय ते."

ती बसली नाही. उभ्या उभ्याच बोलली, मान खाली घालून. "आमच्या गेटवर पण असाच बँड लावतात, ताई. आत जायच्या आधी. मेंदू पेंगुळलेला दिसला की लाल दिवा लागतो, आणि मग परत घरी. त्या दिवसाचा पगार नाही. मला दोनदा लागलाय. तिसऱ्यांदा लागला की नावच काढतात. नवऱ्याची शिफ्ट वेगळी, पोरं लहान. घरात आडवी झाले की आई दूध उतू गेलं, आई माझी वही कुठंय, सूनबाई जरा इकडं ये. कुणी ना कुणी हाक मारतंच. इथं मात्र डोळे मिटले की कुणी म्हणजे कुणी हलवत नाही."

"म्हणजे तू रोज झोपायला येतेस."

"हो, ताई. तुमची एकपण गोष्ट मला माहीत नाही. होडीत बाई बसते तिथपर्यंत येतं. पुढं ती पैलतीराला जाते की नाही ते काही ठाऊक नाही." तिला हसू फुटलं आणि लगेच डोळ्यात पाणी आलं. "लोक मला भाविक समजतात. काल एक आजी माझ्या पाया पडल्या. मला तेव्हा इतकी लाज वाटली. पण डोळे नाही उघडले मी. उघडले असते तर गेली असती झोप."

मी तिच्या पाठीवरून हात फिरवला आणि घरी जा म्हटलं. ती घरी नाही गेली, कामावर गेली.

संध्याकाळी भालेरावांचा फोन आला. माणूस भला, पण भल्या माणसांना मदतीची फार घाई असते.

"ताई, अंक का पडला म्हणून कंपनीला विचारलं मी. त्यांनी कबूल केलं. जुनं मशीन झोपेलाच तल्लीनता समजत होतं. काय हो हे. इतकी वर्षं लोक तुमचा अपमान करत होते आणि आपण मार्क देत होतो. पण काळजी करू नका, उद्या नवे बँड येताहेत. पेंग आली रे आली की कानामागं बारीक कंप देतात. दुखत नाही, पण जाग येते. आता तुमच्या कीर्तनात एकही माणूस झोपणार नाही."

कालपर्यंत कुणी मला एवढं दिलं असतं तर मी त्याला दृष्ट लागू नये म्हणून मीठमिरच्या ओवाळल्या असत्या.

तिसऱ्या दिवशी नवे बँड आले. मी पूर्वरंगाला उभी राहिले. मनाशी काही ठरवलेलं नव्हतं, नेहमीच्या लयीत सुरुवात केली. थोड्या वेळानं पहिले डोळे मिटले. आणि लगेच ती मान झटक्यानं वर आली. मग दुसरी, मग चौथ्या रांगेतली, मग डावीकडच्या पुरुषांतली. सगळ्या मंडपभर माना खाली जात होत्या आणि दचकून वर येत होत्या. प्रणालीनं तीनदा डोळे मिटले, तीनदा दचकून उघडले. चौथ्यांदा तिनं माझ्याकडे बघितलं, ओशाळं हसली आणि ताठ बसली, शाळेत बाईंनी पकडल्यावर मुलगी बसते तशी.

मी झांज खाली ठेवली. पेटी थांबली.

"मंडळी," मी म्हणाले, "ते बँड काढा डोक्यावरचे. शेजारी ठेवा. माझ्या कीर्तनाला ते नकोत."

कुणी हललं नाही. भालेराव खुर्चीतून उठले, मंचाशी आले आणि हळू आवाजात म्हणाले, "ताई, असं करू नका. बँड काढले तर अंकच येणार नाही."

"नको येऊ दे."

"अहो, अंक नसला तर पुढच्या वर्षीच्या नावांत तुमचं नाव मला घालता येत नाही. माझ्या हातात नाही ते. देणगीदारांना मी काय दाखवू?"

"मग नका घालू नाव."

"पण ताई, ते झोपतील."

"झोपू देत."

त्या दोन शब्दांत मी माझं सगळं दुकान बंद करत होते, आणि तेही ज्यांना पत्ता लागणार नाही अशा लोकांसाठी. भालेरावांना वाटलं असावं मी रुसले आहे. ते कार्यालयात निघून गेले. प्रणालीनं सर्वांत आधी बँड काढला. मग बाकीच्यांनी.

मी नावाडिणीचं आख्यान लावलं. मुद्दाम खालच्या आवाजात, संथ. ती घाटावर आली, तिनं दोर सोडला, माणसं होडीत बसली. माना झुकल्या. एक बाई शेजारणीच्या खांद्यावर कलंडली, शेजारीण भिंतीवर. एक दाढीवाला पुरुष सरळ आडवाच झाला आणि कुणी त्याला काही म्हटलं नाही, कारण म्हणायला जागं कोण होतं. नावाडीण मध्यावर पोचली तेव्हा मंडपात नुसते श्वास ऐकू येत होते. प्रणालीचं तोंड किंचित उघडं होतं. कपाळावरची आठी गेली होती. ही एवढी लहान आहे हे तोवर लक्षातच आलं नव्हतं माझ्या.

तो भाग त्या दिवशी जसा झाला तसा पुन्हा होणार नाही. सूर लागला, शब्द आपसूक आले, सुरांची एक जागा तर अशी पडली की मीच थबकले. आणि ऐकायला कुणी नाही. मला रडू आलं आणि ते मी आवरलं नाही, कोण बघणार होतं. रडत रडतच मी तिला पैलतीरावर पोचवलं. आख्यान संपलं.

आता आरती. आरती म्हणजे घंटा, टाळ, सगळ्यांनी उठून उभं राहणं. शिफ्टला अजून अर्धा तास होता. मी घंटेकडे बघितलं आणि मला ते जमेना. हे एकाच सुरावर भाता हलवत राहिले होते, माझी वाट बघत. मी तशीच सरकत सरकत पेटीशी गेले आणि ह्यांच्या शेजारी, खाली, मंचाच्या फळीवर बसले. कीर्तनकारानं उभ्यानंच संपवायचं असतं, पण गुडघ्यांनी माझं ऐकलं नाही.

"एक सांगू?" मी कुजबुजले. "मला हे सगळं नकोसं झालंय. आज नाही, कितीतरी वर्षं. दर वेळी निघताना वाटतं की गाडी चुकावी. तुम्हाला पेटी वाजवायला मिळते, तुमचा जीव रमतो, म्हणून मी उभी राहत आले."

ह्यांनी माझ्याकडे बघितलं नाही. बोटं सुरावर तशीच.

"माझा कुठं जीव रमतोय," हे म्हणाले. "ही बोटं रात्री ठणकतात, वैजू. तू उभी राहिलीस की तुझा चेहरा खुलतो असं मला वाटायचं. म्हणून झोपल्याचंही बोललो नाही कधी. तुझ्यासाठीच येत होतो मी."

हसावं की डोकं आपटून घ्यावं कळेना. एवढी वर्षं, एवढे प्रवास, एवढ्या भक्तनिवासांतल्या त्या ओल्या गाद्या, आणि दोघांनाही नको होतं. ह्यांनाही ते तेव्हाच उमगलं असावं. ह्यांचा हात भात्यावरून सुटला. सूर बारीक होत गेला. तिसऱ्या रांगेत प्रणालीच्या पापण्या हलल्या.

"मग थांबायचं का आता?" ह्यांनी विचारलं.

"हळू बोला," मी म्हणाले. "आणि वाजवा. पेटी थांबली की उठतील सगळे."

ह्यांनी पुन्हा भाता ओढला.